दडा

पहिली पाळी सुटली तरी अप्पांच्या कानात
माग चालूच. वडगावात हे नवं नाही.
पण डाव्याला आता दडाच बसला.
काडेपेटीची काडी, माझी पिन,
स्कूटरची किल्लीसुद्धा आत जाऊन आली.

होसमनी डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं.
"किव्याग कड्डी हाकब्याड्री."
पडदा शाबूत आहे, तेल चालेल.

रोज रात्री कोमट खोबरेल,
थेंब तीनच, आधी माझ्या मनगटावर.
अप्पा कुशीवर. दहा मिनिटं हलायचं नाही.
एवढा वेळ हा माणूस
पहिल्यांदाच माझ्या मांडीवर.

पाचव्या सकाळी उशीवर पिवळट डाग.
फडक्याचं टोक फक्त पाळीवरून फिरवलं.
चहा अर्धा ठेवून अप्पा म्हणाले,
"नळ गळतोय."

"दिवाळीपासून."