समासात दोन रेघा

फिरके शेठच्या मळ्यात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती,
आणि भरीत ठेचता ठेचता मंच स्थापन झाला.
ठराव पहिला : बाहेरचा लोंढा थांबवा.
ठराव दुसरा : आधी मोजा.
"आकडा नसला ना भो, तर कलेक्टर चहासुद्धा विचारत नाही."
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
एकतीस वर्षं भुसावळच्या फाटकावर
मी माणसं मोजली होती, तिकिटासकट.

मी नाही म्हटलं नाही.
वासुदेव बोलला तेव्हा मी ऐकत होतो.
केळीचे घड वाहतो तो. घडामागे पाच रुपये होते,
आता साडेतीन.
"ते साडेतीनला तयार आहेत, काका.
मुकादमाच्या शेडात बाराजण झोपतात.
मी कसा झोपू बाराजणांत? मला बायको आहे."
यावर कुणाला काही सुचलं नाही.
कुणीतरी कळण्याची भाकरी पुढं केली.

तर डिसेंबर. रात्रीचे दोन. पुलाची शेवटची पायरी.
मंचाची हिरव्या पुठ्ठ्याची वही,
गाडी, वेळ, पुरुष, बायका, पोरं, कुठून.
मफलर. थर्मास. दाते नसलेली थंडी,
नुसती चोखत बसते हाडं.

पाटण्याकडची गाडी पावणेतीनला लागली.
विनातिकीट माणूस चालण्यावरून कळतो मला :
तिकीट असलेलाच आधी खिसा चाचपतो.
त्या रात्री सगळे खिसे चाचपत होते.
सत्तेचाळीस पुरुष. तीन बायका.
बापाच्या खांद्यावर झोपलेलं एक पोर.

एकजण वही पाहून थांबला, सरकारी समजून.
"लिख लीजिए साहब, सुखारी ऋषिदेव, जिला अररिया."
म्हटलं, नावाचा रकाना नाही.
तरी उभाच.
त्याच्या बाहीवर केळीच्या चिकाचा डाग होता,
जुना, काळा, कितीदा तरी धुतलेला.
तो डाग निघत नाही
हे फक्त आपल्या घरात माहीत असतं, असं मला वाटायचं.

पहाटे पलीकडे सुरतेची गाडी लागली.
मी वही मिटत होतो.
"नेहेते काका!"
वासुदेव. डोक्यावर गोणी, गोणीत शेगडी असावी,
मागे बायको, लोणच्याची बरणी पोटाशी धरून.
"उधन्याला साडू आहे. लूमवर बारा तास.
खोलीत आठजण आहेत, पण पडदा लावून देतो म्हणाला."
मग वहीकडे बघून हसला,
"आम्हाला घेतलं का हिच्यात?"

फाटकावर मी येणाऱ्यांची तिकिटं घ्यायचो.
जाणारे माझ्या पाठीमागून जायचे.
एकतीस वर्षं.

सकाळी फिरके शेठनी बेरीज केली, चष्मा वर करून.
"एक्कावन्न! शुभ आकडा निघाला, टीसी."
मंडळी हसली, मीही हसलो.
मग त्यांचं बोट समासाशी थांबलं.
"आणि या दोन रेघा कसल्या?"

मी म्हटलं, काही नाही,
पेन्सिल उठते का बघत होतो.