अवधाण

रात्री साडेआठनंतर निघायचं,
आधी जाऊन उपयोग नाही.
दिवसा तो किडा फुप्फुसाच्या आडोशाला पडून असतो,
माणसं निजली की बोटांच्या टोकांपर्यंत
फिरायला येतो.
म्हणून माझी नोकरी रात्रीची:
सुई, काचपट्ट्या, स्पिरिटचा बोळा,
आणि बगलेत गुंडाळलेला तक्ता.

तक्त्यावर कमरेचं कडं आहे, परातीसारखं पसरट.
शिरा तांबड्या, शिरा निळ्या, नसा पिवळ्या.
चौथा रंग छापताना संपला असावा,
हिरवे धागे कुठं दिसतात, कुठं नुसती टिंबं.
माझं काम नेमकं त्या हिरव्याशी.

ढिवरटोलीत पहिलं घर सोमा वलथरेचं.
तलावाच्या तुडुमाची चावी त्याच्याकडे.
कोणत्या बांधीला किती पाणी,
कुणाचं पाणी कुणाच्या धुऱ्याखालून जातं,
सारं तोंडपाठ.
विचारलं, कुठं सुजलंय?
"तं... खाली."

या गावात प्रत्येक बांधीला नाव आहे,
पाळ फुटली होती त्या जागेला नाव आहे,
तीन वर्षांमागं मेलेल्या हल्यालाही.
बेंबीच्या खाली मात्र
सगळं एका शब्दात भागतं.

मी तक्ता उलगडला.
हा मोठा पाट. बेंबीपाशी दोन फाटे.
फाट्याला पुन्हा फाटा,
एक मांडीकडं निघून जातो,
एक आत वळतो, सगळ्यांना पाजत.
आणि हे लोंबतंय ना सोमाभाऊ,
हे मूळचं खालचं नाहीच.
आईच्या पोटात होता तेव्हा ते वर होतं,
मूत्रपिंडाच्या शेजारी.
खाली नांदायला आलं,
पण पाणी अजून वरूनच येतं
आणि निचराही वरच जातो, जुन्या घरी.
भोवतीच्या कातडीचा निचरा जांघेत.
सख्खे शेजारी, नाल्या वेगळ्या.

तो तक्त्याजवळ सरकला, लुंगी सावरत.
"आन् किडा कोटी रायते?"
मोघ्यातच घर करतो.
"मंग पानी फुगनारच."
बोट पुढं केलं त्यानं. न विचारता.

यमुना नान्हे चुलीमागं भेटली.
सकाळपासून रोवणीत, पोटरीभर चिखलात.
बांध्यांमध्ये आडोसा नाही
म्हणून दिवसभर पाणी पीत नाही,
तरी आलेलं धरून ठेवते अंधार पडेस्तोवर.
माकडहाडाच्या वर, तीन भोकांतून तीन पेड निघतात,
त्यांची एक दोरी होते,
हाडाला वळसा घालून
ती हे दार धरून उभी राहते.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
जुन्या पंडितांनी तिचं नाव लाजेवरून ठेवलं.
यमुनेला ते सांगितलं नाही.
म्हटलं, पहारेकरीण आहे.
"तिले पगार भेटते का?"
हसली ती,
आणि हसता हसता ओटीपोटाशी हात धरला.

मग म्हणाली, काटा रुतला होता पायात,
तेव्हापासून जांघेत
"अवधान आलं बाई."

इकडं ण नाही जिभेवर.
गाठ आणि लक्ष, एकच शब्द.
काटा तळव्यात,
आणि इतक्या वर, अंधारात
कुणीतरी जागं होऊन बसलेलं.
मी वहीवर पेन टेकवून
थांबले जराशी.
चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.

सव्वीस पट्ट्या झाल्या.
पारावर वाळत ठेवल्या, कुत्री हाकलत.
एक कोरी उरली होती,
बॅटरी दातात धरली, माझंच बोट टोचलं.
थेंब काचेवर गोल पसरवताना
नोंदवहीचं मागचं पान उलटलं वाऱ्यानं:
'सूज कुठे' या रकान्यात
बावीस वर्षांचं माझं अक्षर,
खाली, खाली, खाली.

सोमाच्या नावापुढचं खोडलं.
नवं लिहायला घेतलं तर
रकाना पुरेना.