दोनशे सत्तर

डब्यावर छापलं होतं पाचशे पन्नास.
कायतानने रायबंदरच्या गाळ्यात
जुनी डिस्क काढली, नवी बसवली,
मोजून पाहिलं: दोनशे सत्तर.
पुन्हा मोजलं. तेवढंच.

"ड्राइव्ह बरी आसा, बाय. वाट पोरनी."
मदरबोर्डवरचं पोर्ट
दोन हजार नऊचं,
त्याला याहून जास्त ठाऊकच नाही.

पैसे परत मागणार होते. मागितले नाहीत.

चोडणच्या फेरीवर
शेजारी एक नवीकोरी बुलेट,
इंजिन बंद,
माझ्या स्कूटरच्याच वेगाने
मांडवी ओलांडत होती.

सीटवर लॅपटॉप उघडला.
आधी सुरू व्हायला
अख्खी नदी लागायची.
आज पलीकडचं खारफुटीचं बेट
अजून लांबच होतं,
आणि पडद्यावर
पासवर्ड विचारत
रेघ लुकलुकत होती.