निळ्या रेषेच्या आत

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
सव्वासातला वही उघडून बसले.
समोर म्हैस, तिच्या पायाशी चरवी,
पेल्यावर चार बोटं फेस.
पानाच्या कोपऱ्यात नेहमीचा रकाना:
निरीक्षक कुठे बसला आहे?
तो मी सध्या कोरा ठेवला.

तासभर एका जागी बसायचं.
मोजायचं. ठरवायचं काही नाही.
हा आमचा पहिला धडा, हनोईत, पुलाखाली,
प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर
गुडघे हनुवटीला लावून.
झाडाला टांगलेल्या न्हाव्याच्या आरशासमोरून
दोनशे अकरा दुचाक्या गेल्या होत्या
आणि रकान्यात मी लिहिलं होतं: पुलाखाली.

इथं चालत आलेले सव्वीस.
तालमीतून सुटलेली चार पोरं, कानांना अजून लाल माती.
एक केएमटी,
जी थांब्यावर नाही, ओळखीच्या माणसापुढं थांबली.
हे कशात धरायचं?

डकारच्या वस्तीत माम अवा
भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची,
दर पावसाळ्याची एक.
सगळ्यात वरची तिच्या खांद्याला लागायची.
ती काहीतरी म्हणाली आणि दुभाष्या जरा थांबून बोलला:
नकाशावाले येतात ते कोरड्या महिन्यांत.
मी ते वाक्य चौकट करून लिहून घेतलं.
पुढं बोगोटात, सादरीकरणात,
त्या वाक्याला टाळ्या मिळाल्या. मला मिळाल्या.
बाहेर रविवार होता, रस्ते गाड्यांकडून काढून घेतलेले,
साठीतल्या बायका एकमेकींना धरून स्केटिंग शिकत होत्या.
पडद्यावर माझी शेवटची ओळ:
शहर कुणाचं?

"कुणाची गं तू?"

चरवीवरून मान वर करून दत्तोबा खाडे विचारतात.
चार महिने, तीन देश,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
"इंगवल्यांची."
"कुठलं इंगवले? प्लॉटवालं?"
मी मान हलवते.
"मळा आमचाच की त्यो.
दर चांगला दिला तुझ्या बाबानं, खोटं कशाला बोलू.
फकस्त पाणी पैलं तितं मुरायचं,
आता गोठ्यात येतंय."
बोलताना धार तुटत नाही.

"कुठवर येतंय?" मी विचारते, सवयीनं, पेन्सिल उचलून.
ते ओला हात म्हशीच्या मानेवर ठेवतात.

सेमिस्टरची फी म्हणजे प्लॉट नंबर चौदा.
बाबाच हसत बोलले होते, विमानतळावर, बॅगांचं वजन करताना.
मुरमाच्या किती गाड्या पडल्या ते मी मोजलं नाही.
तेव्हा मी मोजायला शिकले नव्हते
असं म्हणता येईल.
पाटीवर इंग्रजीत 'रिव्हर व्ह्यू'.
पूररेषेचा कागद घरात फ्रीजवर पडलेला असायचा,
त्यावर चहाच्या कपाचं गोल,
आणि बाबांचं ठरलेलं: रेषाच ती, सरकते.

परवा जेवताना त्यांनी विचारलं, काय काय बघितलंस?
मी न्हाव्याचा आरसा सांगितला,
स्केटिंगवाल्या बायका सांगितल्या.
ते पोट धरून हसले, अजून एक भाकरी घेतली.
कोळसा मी सांगितला नाही.

आठ वाजत आले. दिव्याभोवती चिलटं.
शेवटची असाइनमेंट एक पानाची: स्वतःच्या शहराचा नकाशा.
नदी काढली. कट्टा काढला.
म्हशीच्या मानेइतक्या उंचीवर, अंदाजानं, एक रेघ.
मळ्याच्या जागी चौकोन, चौकोनात चौदा.
मग कोपऱ्यातला रकाना भरला.
निरीक्षक कुठे बसला आहे:
निळ्या रेषेच्या आत.

अक्षर वाईट आलं.
"अगं," दत्तोबा म्हणाले,
"दूध गार हुतंय."