खांब क्रमांक चारशे बारा

महापालिकेनं फाईल खुली केली, एकोणीस हजार ओळींची.
कुणी उघडली नव्हती.
उतरवून घेणारा मी पहिला, तिथला मोजणीचा आकडाच सांगत होता.

फाँट जुना. औसा रोडच्या जागी
पौंडाचं चिन्ह, दोन टिंबं, एक उलटा प्रश्न.
नुसतं वाचता येईपर्यंत तीन रात्री गेल्या.
चौथ्या रात्री एक ओळ बोलली:
खांब क्रमांक ४१२, खाडगाव रोड, चालू.

चालू?

रात्री नऊला क्लास सुटतो.
उदगीरच्या, निलंग्याच्या, अहमदपूरच्या पोरी
पाठीवर बायोलॉजी घेऊन सायकली काढतात,
पेशीविभाजनावर भांडत भांडत.
चारशे बाराच्या अलीकडं त्यांचं बोलणं थांबतं.
पुढं नुसत्या चेनचा आवाज.

म्हणून मी सायकल घेतली, पेन्सिल घेतली
आणि खांबाखांबाला थांबत निघालो.
दाळमिलच्या फाटकावर मन्मथअप्पा, मफलर कानांवर,
‘काय करलालास रे? खांब मोजूलालास?’
‘होय.’
‘सरकारनं मोजले न्हाईत का?’
‘मोजलेत की.’
‘मग?’
मग काय अप्पा. तुमच्या टॉर्चचा उजेड जरा इकडं धरा,
आकडा दिसंना.

रेणापूर नाक्यावर नौशादभाईचं पंक्चरचं दुकान.
ट्यूबमधून निघालेलं सगळं तो एका तेलाच्या डब्यात टाकतो.
डबा फरशीवर उपडा केला त्यानं, आणि बोटानं वेगळं करत गेला:
ही काच बार्शी रोडची, ढाब्यापुढची.
हा पत्रा गूळ मार्केटचा.
हा चुरा एमआयडीसीतला, तिसऱ्या पाळीला लागतो.
ही बाभळ. बाभळीला काय रस्ता.
कुठल्याच खात्याकडं नव्हती अशी माहिती
मी वहीत उतरवून घेतली.
‘नकाशात माझं नाव नको घालू,’ तो म्हणाला,
‘लोक म्हणतील, खिळे हाच टाकतो.’

मग अपघातांची फाईल.
रकाने: जड वाहन, चारचाकी, दुचाकी, पादचारी, इतर.
सायकल शोधत राहिलो.
दोनच चाकं असतात तिला, पण
दुचाकी म्हणजे जिच्यात पेट्रोल जातं ती.
ओळ तीनशे अठरा: इतर, एक, किरकोळ.
तारीख ओळखीची वाटली, चौकही.
तो मी होतो.
अजूनही जिना उतरताना उजवा गुडघा
कट्‌ म्हणतो. किरकोळच म्हणतो.

वेबसाइट झाली. तिला नाव सुचलं नाही.
गोलाईतून निघणारे सोळा रस्ते, हातावरच्या शिरांसारखे,
उजेडाचे पिवळे, अंधाराचे वांगी रंगाचे,
काचेच्या जागी बारीक त्रिकोण.
पहिल्या दिवशी सात जणांनी पाहिली.
त्यातला चार वेळा मीच.

पंधरवड्यानं एक निरोप आला, शिवकन्या नावाच्या मुलीचा:
दादा, तुमचा नकाशा चुकलाय.
४१२ बंद दाखवतोय. तो कालपासून लागतो.

खरं सांगतो, आधी राग आला.
इतक्या रात्री पायडल मारून मिळवलेला अंधार
असा कुणी खोटा पाडावा!
त्याच रात्री गेलो. खांबाखाली सायकल स्टँडवर लावली.
दिवा होता. नवा, पांढरा, जरा थरथरता,
भोवती पाखरं.
कुणी लावला? माझा नकाशा बघून?
की कुणा वायरमनला सहज शिडी सापडली?
फाईलमध्ये काही बदल नाही.
तिथं आधीही ‘चालू’ होतं, आताही ‘चालू’.
त्यांच्यासाठी या खांबावर काही घडलंच नाही.

तेवढ्यात क्लास सुटला.
पोरी आल्या, पेशी दुभंगत, एकमेकींना खोडत,
माझ्या अंगावरून, उजेडातून, बोलतच गेल्या.

चारशे तेरापाशी गप्प झाल्या.

मी पेन्सिल काढली.