प्रश्न क्रमांक चार

चहा उकळेपर्यंत मी मेल बघते.
आज तीन ठिकाणांहून पैसे आलेत.
लंडनमध्ये वारलेल्या कुणा इंजिनिअरला
वारस म्हणून मीच सापडले,
मी, कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
जिने अजून एलिफंटासुद्धा पाहिलेलं नाही.
दुसऱ्यात लॉटरी, न काढलेल्या तिकिटाला लागलेली.
तिसऱ्यात बँक घाबरीघुबरी:
प्रिय ग्राहक, आपले खाते आज रात्री बारा वाजता
बंध होणार आहे.
बंध. धरणातला ध.
अहो, बंद करायचंय तर आधी नीट लिहा तरी!

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात
कांद्याच्या गाळ्यावर पट्ट्या लिहिल्या मी.
वर मोठा कांदा, खाली गोल्टी,
ओलं बारदान,
गोणीच्या आडून काट्यावर हळूच टेकवलेला पाय,
आणि "ताई, लिहा पटकन, गाडी सुटायचीय."
मापात पाप असलं
की माणसाला घाई असते.

म्हणून "आज रात्री बारा" वाचलं
की मी गॅस बारीक करते
आणि आणखी थोडं आलं किसते.

दुपारी ढाणे वहिनींना वाचून दाखवते.
गेल्या दिवाळीत त्यांचे अकरा हजार गेले,
कुरिअरवाला म्हणून कुणी ओटीपी विचारला होता.
महिनाभर घरात बोलल्या नाहीत.
त्यांना मी हसले नाही.
पण त्या इंजिनिअरला आम्ही दोघी इतक्या हसलो
की शेंगदाण्यांचं सूप जमिनीवर पालथं.
"मेला, वर जाऊनही वारस शोधतोय," वहिनी म्हणाल्या,
आणि डोळे पुसले,
ते हसून हसून की कशाने, मी विचारलं नाही.

काल मात्र एक अर्ज आला.
निळी पट्टी, बँकेचं चिन्ह,
शुद्धलेखनाची एक चूक नाही.
एक: जन्मतारीख.
(खरी, की मास्तरांनी लावलेली?)
दोन: कार्डामागचे तीन आकडे.
तीन: पहिली शाळा.
(देवळात भरायची. तिला नाव कसलं?)
चार: आईचं माहेरचं आडनाव.

चहा उतू गेला.

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.
रेशनकार्डात आई कुणाची तरी पत्नी,
सातबाऱ्यावर नाहीच,
सोसायटीच्या कागदावर नुसता अंगठा.
आडनाव लग्नात उतरवून ठेवलं तिने,
कुठे ठेवलं ते आम्हीही विचारलं नाही,
आणि इतक्या वर्षांनी चौकशीला आला कोण,
तर चोर.

खोटं कशाला सांगू, बोट गेलं.
पहिलं अक्षर उमटलंही चौकटीत.
पुढे ती उभी रेघ लुकलुकत राहिली,
लिहा, लिहा, लिहा,
आणि मला गोणीआडचा तो पाय दिसला.

खोडलं.
बँकेत फोन लावला, पासबुकावरच्या नंबरला.
तिथल्या मुलीने सांगितलं, आम्ही असं काही विचारत नाही.
ते ऐकून, का कोण जाणे, थोडं वाईटच वाटलं.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर
वहिनींना ते आडनाव सांगितलं,
मोठ्यांदा, गावासकट.
त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं.
मग आज्यांची आठवू म्हटलं,
तर दोघी तिथेच अडकलो,
आणि पुन्हा हसू फुटलं.
वॉचमन शिट्टी विसरून बघत राहिला.

घरी येऊन तेच पासवर्ड ठेवणार होते.
भाची ओरडली, "मावशी, अजिबात नाही!"
तिने काहीतरी आकडे-अक्षरांची मिसळ करून दिलीय,
ती डब्यात नाही, डायरीत नाही, कुठे आहे ते विचारू नका.

आणि ते आडनाव?

बघा. तुम्हालाही घाई झाली.