पहिली रांग

साडेपाचला आकायमो खुर्च्या मोजतो.
एकशे बारा. कालही एकशे बाराच होत्या,
पण मोजायच्या, असा नियम आहे.
फुएर्तेवेंतुराचा वारा रात्रभर
छत्र्यांच्या झालरी फडफडवत बसलेला,
आता जरा दमलाय.

मागच्या वर्षापर्यंत या वेळी इथे वर्दळ असायची.
अंधारात सपातांची फटफट,
काखेत टॉवेल मारलेली माणसं,
एकमेकांकडे न बघता झपाझप,
जणू घरात कुणी आजारी आहे
आणि डॉक्टर एकच आहे.
टॉवेल पडला की खुर्ची त्याची.
वर एखादं पालथं पुस्तक. एखादी चप्पल, साक्षीला.
मग सगळे वर जाऊन पुन्हा झोपायचे
आणि दहापर्यंत टॉवेलच ऊन खात पडायचे.

यंदा दर लागले.
पाण्यालगतची रांग अठरा युरो, छत्रीसकट.
दुसरी बारा.
समुद्राकडच्या भिंतीशी, कचऱ्याच्या डब्यांजवळ,
फुकट.
आकायमोच्या हातात आता यादी असते,
यादीत खोल्यांचे नंबर, नाव एकही नाही.
खुर्चीचा सातबारा निघाला म्हणा,
एका दिवसापुरता.

तरी एक जण अजून येतो.
ओर्टविन ब्रुगमान, ब्रेमरहाफेनचे, एकोणऐंशी वर्षांचे,
बंदरावर क्रेन चालवायचे.
सोळा वर्षं इथे पहिला टॉवेल त्यांचाच पडला.
बायको गेझिने नऊपर्यंत उठत नाही,
आणि उठली तरी तिला ऊन सोसत नाही.
चौदा नंबरच्या खुर्चीत ती फार तर
सोळा वर्षांत सोळा तास बसली असेल.

आता दर लागलेत, कशाला उठता, आकायमोने विचारलं.
ते म्हणाले, चाळीस वर्षं पहिली पाळी केली.
सुट्टीत माणसाने सकाळी काय करायचं
हे मला कुणी शिकवलंच नाही.
टॉवेलने सोय केली होती.

मग यादीकडे बोट दाखवून, हळूच:
नऊपर्यंत ही कोणाची?

आकायमोने यादी उलटीसुलटी करून पाहिली.
नऊपर्यंत
कोणाचीच नव्हती.

ते बसले. टॉवेल मांडीवर, घडी न मोडता.
समुद्रातून सूर्य वर आला तेव्हा
दोघांनी थर्मासच्या एकाच झाकणातून कॉफी प्यायली.

नऊला लीड्सची बाई आली, दोन मुलं, फुगवलेली मगर.
सात दिवसांचे पैसे तिने एकदम भरलेत,
नवऱ्याला पाच दिवसांचे सांगितलेत.
ती पोहायला उतरत नाही.
जेवायला जाताना मोठ्या मुलाला राखणीला बसवते.
पैसे वसूल व्हायला हवेत.

चार वाजता हॉटेलची सावली येते.
आठ मजल्यांची, आडवी,
आणि पहिल्यांदा पहिल्याच रांगेवर.
हे माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.
बाई टॉवेल गळ्यापर्यंत ओढते, हातांवर काटा.
आकायमो वाकून सांगतो,
तिकडे डब्यांपाशी सहापर्यंत ऊन असतं,
पैसे पडत नाहीत.
ती बघते. खरंच ऊन आहे तिकडे,
पिवळंधमक.
पण आमची ही आहे, ती म्हणते.

संध्याकाळी तो खुर्च्या एकात एक रचतो,
पुन्हा एकशे बारा,
आणि ग्रान तारहालची बस धरतो.
बस भरलेली. खिडकीची जागा कशीबशी मिळते,
शेजारी तो आपली टोपी टाकतो.
इथे कोणी बसणार आहे का, एक जण विचारतो.
बसणार आहे.

पुढच्या थांब्यावर बहीण चढते, इदाइरा,
हॉटेलच्या धुलाईघरातून,
दिवसभर टॉवेल घालून काढून
बोटांना भेगा पडलेली.
टोपी उचलायचंही त्राण नाही तिला.
तशीच
टोपीवर बसते.